कमी वजन, शाबूत चरबी: पुण्यातील नवजातांच्या रक्तशर्करेचा शोध

गर्भात असताना बाळाला स्वतःच्या रक्तातील साखर स्वतः सांभाळावी लागत नाही. वारेतून, म्हणजे गर्भाशयाला चिकटलेल्या आणि नाळेने बाळाशी जोडलेल्या अवयवातून, ग्लुकोज अखंड येत राहते, आणि आईच्या रक्तातील साखरेच्या मागोमाग, तिच्याहून थोड्या खालच्या पातळीवर, बाळाची साखर चालत असते. नाळ बांधली की हा पुरवठा तत्क्षणी बंद होतो. पहिल्या एक-दोन तासांत साखर उतरते, आणि मग यकृतातील ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीच्या रूपातील साखर, मोडून आणि चरबी जाळून मेंदूला इंधन पुरवण्याचे काम नवजाताचे शरीर पहिल्यांदाच स्वतंत्रपणे हाती घेते. पूर्ण दिवसांच्या, लगेच अंगावर पाजल्या गेलेल्या निरोगी बाळाच्या बाबतीत हा बदल बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. अडचण होते ती दोन प्रकारच्या बाळांची: ज्यांच्याकडे साठाच नाही अशी अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची बाळे, आणि ज्यांच्या रक्तात साखर उतरवणारे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त आहे अशी, विशेषतः मधुमेही मातांची, बाळे. विसाव्या शतकातील वैद्यकाने या दोन प्रकारांचा विचार बहुतांशी वेगवेगळा केला; कमी वजन आणि वाढलेले इन्सुलिन एकाच बाळात एकत्र नांदू शकतात, आणि आपल्याकडे तो अपवाद नाही, ही गोष्ट पुण्यातील संशोधनामुळे जगापुढे ठळकपणे आली.

या संशोधनाआधीचा इतिहास प्रामुख्याने पाश्चात्त्य रुग्णालयांचा आहे. टोरंटो येथे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागल्यानंतर ज्या मधुमेही स्त्रिया एरवी तारुण्यातच दगावल्या असत्या त्या माता होऊ लागल्या, आणि त्यांची बाळे थोराड जन्मून काही तासांतच साखर घसरल्याने आजारी पडतात हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. हार्टमन आणि जॉडन या अमेरिकी डॉक्टरांनी १९३७ मध्ये लहान मुलांमधील साखर घसरण्याची पद्धतशीर मांडणी केली. डेन्मार्कच्या यॉर्गेन पेडरसन यांनी १९५२ च्या सुमारास मधुमेही मातांच्या बाळांतील या घसरणीचे जे कारण सुचवले ते आजही ग्राह्य मानले जाते: आईची जादा साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन वार ओलांडत नाही, त्यामुळे बाळाचे स्वादुपिंड स्वतःचे इन्सुलिन भरपूर तयार करू लागते, त्या इन्सुलिनने बाळाच्या अंगावर चरबी चढते, आणि नाळ तुटल्यावर साखरेचा ओघ थांबतो तरी इन्सुलिनचा ओघ चालूच राहतो. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे साठा नसलेल्या बाळांकडे मार्विन कॉर्नब्लाथ यांनी १९५९ मध्ये वैद्यकाचे लक्ष वेधले. साखर किती खाली गेली म्हणजे धोका, हा वाद मात्र तेव्हापासून मिटलेला नाही. इंग्लंडमध्ये ॲलन ल्युकस यांनी अपुऱ्या दिवसांच्या ६६१ बाळांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून दर डेसिलिटरला ४७ मिलिग्रॅम हा आकडा पुढे आला, आणि एका निरीक्षणावर आधारलेला तो आकडा पुढे कित्येक वर्षे जणू निसर्गनियम असावा तसा वापरला गेला. न्यूझीलंडमध्ये जेन हार्डिंग आणि डेबोरा हॅरिस यांनी २०१३ मध्ये दाखवले की साखर घसरलेल्या बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूस ४० टक्के डेक्स्ट्रोजचे जेल चोळले तर उपचार फसण्याचे प्रमाण २४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर येते. इतका स्वस्त उपाय सापडायला एवढी वर्षे लागावीत याचे नवल वाटते.

हे संशोधन बहुतांशी जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील साखरेपुरते होते. बाळ घरी गेले की नवजात विभागाच्या दृष्टीने प्रश्न संपत असे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात तो तिथे संपला नाही, याला त्या संस्थेची घडण कारणीभूत होती. अनेक वर्षे रुग्णालयाची धुरा वाहणाऱ्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते आणि गावागावांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते, त्यामुळे रुग्ण दारातून बाहेर पडल्यावर त्याचे काय होते हे विचारण्याची सवय संस्थेला लागलेली होती. बालरोग विभागात डॉ. आनंद पंडित यांच्या नेतृत्वाखाली नवजातांची अतिदक्षता सुरू झाली आणि दोन किलोंपेक्षा कमी वजनाची, पूर्वी बहुधा न वाचणारी बाळे जगू लागली. ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात तिथून घरी गेलेल्या अशा बाळांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी यांनी हाती घेतला आणि त्यांची चाल, बोलणे, बुद्धी, शाळा यांच्या नोंदी ती मुले अठरा वर्षांची होईपर्यंत ठेवल्या. साधारण त्याच सुमारास गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग नवजातांचे मृत्यू घरातच कसे टाळता येतील याचा शोध घेत होते. दोन्ही कामांची दिशा वेगळी असली तरी कमी वजनाचे बाळ ही महाराष्ट्राची सर्वसाधारण वस्तुस्थिती आहे, ती रुग्णालयातली दुर्मीळ घटना नव्हे, ही जाण दोहोंच्या मुळाशी होती.

याच रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत होते. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि ऑक्सफर्डमध्ये मधुमेहाच्या संशोधनाचे प्रशिक्षण घेऊन परतलेले याज्ञिक पाठ्यपुस्तकातला रुग्ण शोधत होते आणि तो त्यांना सापडत नव्हता. पुस्तकानुसार प्रौढपणी होणारा मधुमेह हा लठ्ठ आणि उतारवयातील माणसाचा आजार होता. समोर येणारे रुग्ण मात्र कित्येकदा चाळिशीच्या आतबाहेरचे, हातापायांनी सडपातळ, वजनाच्या तक्त्यात ‘योग्य’ किंवा कमीच बसणारे, पण पोट सुटलेले असे होते. याच विसंगतीचे पुढे गाजलेले उदाहरण म्हणजे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले छायाचित्र: याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे, दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःचाच देह पुराव्यादाखल मांडण्याची ही रीत थोडी खट्याळ असली तरी तिने जे साधले ते डझनभर तक्त्यांना साधले नसते.

या विसंगतीचे प्रचलित स्पष्टीकरण आनुवंशिक होते. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार दुष्काळात तग धरू देणारी, चरबी साठवणारी जनुके सुबत्तेच्या काळात मधुमेहाला निमंत्रण देतात. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९१-९२ मध्ये वेगळा विचार पुढे आणला. हर्टफर्डशायर परगण्यातील सुईणी व आरोग्यसेविकांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी जपलेल्या वजनाच्या वह्या शोधून त्यांनी त्या बाळांना वयाच्या साठीत गाठले, आणि जन्माच्या वेळी व पहिल्या वाढदिवशी ज्यांचे वजन कमी होते त्यांच्यात मधुमेह अधिक आढळला असे दाखवले. त्यांच्या मते गर्भातील कुपोषणाशी जुळवून घेताना बाळाचे शरीर मेंदूला प्राधान्य देते आणि स्वादुपिंड व स्नायू यांच्या वाढीवर पाणी सोडते, आणि या तडजोडीची किंमत प्रौढपणी मोजावी लागते. इंग्लंडमध्ये हे तपासायला साठ वर्षांपूर्वीच्या वह्या लागल्या. पुण्यात कमी वजनाची बाळे आणि तरुण वयातील मधुमेह या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत उपलब्ध होत्या.

बार्कर यांच्या सहकारी कॅरोलाइन फॉल आणि पुण्याचा गट यांनी मग केईएममध्ये १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या ३७९ मुलांना वयाच्या चौथ्या वर्षी बोलावले, त्यांना ग्लुकोजचे पाणी पाजून ठरावीक अंतराने रक्त तपासले, आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात सांगितले की जन्मतः कमी वजन असलेल्या मुलांच्या रक्तात ग्लुकोज प्यायल्यानंतर अर्ध्या तासाने साखर आणि इन्सुलिन दोन्ही अधिक होते. फरक लहान होता आणि एकही मूल आजारी नव्हते. तरीही साठीतल्या इंग्रजात दिसलेली खूण चार वर्षांच्या मराठी मुलात दिसावी ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नव्हती. हाच गट मोठा करून आठव्या वर्षी ४७७ मुलांची तपासणी झाली, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लिहिले की इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती ती जन्मतः लहान पण आठव्या वर्षापर्यंत वजनदार झालेल्या मुलांत. कमी वजनाच्या बाळाला गुटगुटीत करण्याची घरोघरची धडपड, जिचे कौतुक डॉक्टरही करत आले होते, तिच्याकडे यामुळे जरा जपून पाहावे लागले.

रुग्णालयातील नोंदींना मात्र एक मोठी मर्यादा होती. जन्माचे वजन हा गर्भावस्थेचा शेवटचा निकाल असतो. तो कसा लागला, आई काय खात होती, किती राबत होती, गर्भ कोणत्या महिन्यात मागे पडला, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी गर्भधारणा होण्याच्या आधीपासून आईच्या मागे राहणे आवश्यक होते, आणि तेच पुणे मातृपोषण अभ्यासाने केले. हा अभ्यास १९९३ मध्ये पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या सहा गावांत सुरू झाला. घरोघर जाऊन २४०० हून अधिक विवाहित स्त्रियांची नोंदणी झाली; कार्यकर्त्या दर महिन्याला त्यांच्याकडे जाऊन पाळीची तारीख टिपत, पाळी चुकली की सोनोग्राफीने गर्भाचे वय निश्चित केले जाई, आणि अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यात आदल्या दिवसाच्या सगळ्या खाण्याची चौकशी होई. कामांचीही नोंद ठेवली गेली: पाणी भरणे, खुरपणी, सरपण, दळण, धुणे. शहरातील पोषणतज्ज्ञाने भाकरीचा आकार विचारून उष्मांक काढणे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे केलेले काम यात जमीन-अस्मानाचा फरक होता. या अभ्यासाचे मोल त्याच्या सिद्धान्तापेक्षाही या चिकाटीत अधिक आहे, असे म्हणता येईल.

गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आत आणि उंची १५२ सेंटिमीटर होती. अठराव्या आठवड्यात त्यांच्या आहारातून दिवसाला सुमारे १८०० किलोकॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने मिळत होती. संशोधकांची अपेक्षा सरळ होती: जी अधिक खाईल तिचे बाळ मोठे होईल. प्रत्यक्षात आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांचा आणि प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी म्हणण्याजोगा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा पोटात गेले याच्याशी. शोभा राव यांच्या गटाने हे २००१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच संशोधनात गरोदरपणी अंगमेहनत जास्त तिथे बाळ लहान, असेही दाखवले. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, ही जुनी समजूत आता मोजमापाने सिद्ध झाली होती.

जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे केवळ वजन न करता ७२ तासांच्या आत लांबी, डोके, दंड आणि पोट यांचे घेर, तसेच दंडाच्या मागे व पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत येणाऱ्या त्वचेच्या घडीची जाडी कॅलिपरने मोजली गेली. घडीची जाडी हे त्वचेखालील चरबीचे माप असते. ही मापे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली गेली. पूर्ण दिवसांच्या भारतीय बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्रज बाळाचे ३.५ किलो, हे अपेक्षितच होते. पण ही तूट अंगभर सारखी वाटलेली नव्हती. पोटाचा घेर, म्हणजे आतील अवयव, आणि दंड, म्हणजे स्नायू, यांच्यात ती सर्वाधिक होती, लांबी व डोके तुलनेने बरे राखले गेले होते, आणि पाठीवरची चरबी जवळजवळ शाबूत होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाला संशोधकांनी दिलेले ‘कृश-मेदयुक्त भारतीय बाळ’ अशा अर्थाचे नाव जगभर रूढ झाले. बाहेरून पाहणाऱ्याला जे बाळ केवळ काटकुळे दिसते ते आतून वेगळ्याच प्रमाणात घडलेले असते, हे त्या नावामागचे म्हणणे.

एवढ्यावरून रक्तशर्करेविषयी काही ठामपणे बोलता आले नसते. ते शक्य झाले त्याच्या एक वर्ष आधीच्या, २००२ मधील संशोधनामुळे. पुण्यात आणि लंडनमध्ये जन्मलेल्या बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना केली तेव्हा पुण्याची बाळे कितीतरी हलकी असूनही त्यांच्या रक्तात इन्सुलिन अधिक आढळले, आणि चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरकही वजनाच्या मानाने अधिक होते. पेडरसन यांच्या सूत्रानुसार नवजाताच्या रक्तातील जादा इन्सुलिन ही मधुमेही मातेच्या थोराड बाळाची खूण होती. ती अशा हलक्या बाळांत सापडल्याने ते सूत्र खोटे ठरले नाही, पण अपुरे मात्र ठरले. साखरेवरील नियंत्रण नाळ कापल्यावर सुरू होते हे खरे असले, तरी त्या नियंत्रणाची यंत्रणा कशी घडणार याचा बराचसा निर्णय त्याआधीच झालेला असतो.

तो निर्णय कशाने होतो याचा शोध घेताना संशोधकांना एक अनपेक्षित धागा सापडला. गावांतील गर्भवतींपैकी जवळपास दोन-तृतीयांश स्त्रियांत बी१२ जीवनसत्त्व कमी होते, फोलेट मात्र बहुतेकींमध्ये पुरेसे किंवा भरपूर होते. बी१२ फक्त प्राणिज पदार्थांतून मिळते. माळकरी किंवा जातरिवाजाने शाकाहारी घरे, आणि मांसाहार चालत असला तरी मटण क्वचित शिजणारी व दूध डेअरीला घालणारी घरे, अशा दोन्हींत त्याची तूट पडणे स्वाभाविक होते. ही तूट गरिबीपुरती नव्हती: पुण्यातील व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ मधील पाहणीत ६७ टक्क्यांत बी१२ कमी निघाले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. बी१२ आणि फोलेट पेशींमध्ये जोडीने काम करतात आणि जनुकांवर रासायनिक खुणा करण्याच्या प्रक्रियेत दोन्हींची गरज लागते. गावांतील मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी करून २००८ मध्ये याज्ञिक यांच्या गटाने लिहिले की गरोदरपणी ज्या मातांचे फोलेट जास्त आणि बी१२ कमी होते त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती.

हा निष्कर्ष अडचणीचा होता, कारण प्राथमिक आरोग्य केंद्रातून प्रत्येक गर्भवतीला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते आणि बी१२ अजिबात नसते. रक्तक्षय आणि मज्जारज्जूचे जन्मजात दोष टाळण्यासाठी फोलिक ॲसिड हवेच, याविषयी दुमत नाही. त्यामुळे गोळी थांबवा असे कुणी म्हटले नाही, तिच्या जोडीला बी१२ द्यावे का हा प्रश्न मात्र उभा राहिला. टीकाकारांचे आक्षेपही बिनबुडाचे नव्हते. निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. भाजी आणि दूध परवडणारी आई इतर अनेक बाबतींतही सुस्थितीत असते. आणि भारतीयांची शरीररचना शेकडो पिढ्यांची, कदाचित जनुकांचीच, देणगी असेल. यांपैकी पिढ्यांच्या प्रश्नाला प्राण्यांवरील प्रयोगाने काही उत्तर दिले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उंदरांना ५० पिढ्या अर्धपोटी ठेवले गेले होते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून पुढे आलेले आनंदवर्धन हार्डीकर, तसेच याज्ञिक आणि इतर सहकारी यांनी २०१५ मध्ये दाखवले की या उंदरांची पिल्ले लहान, पोटात चरबी असलेली, जादा इन्सुलिन आणि कमी बी१२ असलेली होती, आणि पुढच्या दोन पिढ्यांना भरपेट आहार दिल्यावरही हा दोष गेला नाही. माणूस आणि उंदीर यांची थेट बरोबरी करता येत नसली, तरी केवळ नवव्या महिन्यात आईला तूप-लाडू खाऊ घालून हा हिशेब फिटणारा नाही, एवढे त्यावरून समजते.

सहा गावांतील बाळे अठरा वर्षांची झाली तेव्हा पुरुषांपैकी ३७ टक्के आणि स्त्रियांपैकी १८ टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत होते. यांतील बहुतेकांना लठ्ठ म्हणता आले नसते. ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढलेली निघाली त्यांची गर्भातील वाढ मंद होती, आणि उपाशीपोटीची साखर सहाव्या व बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा वर होती. आजार तरुणपणी अचानक उद्भवला नव्हता, तो लहानपणापासून हळूहळू चढत आलेला होता. मोठेपणी गोड कमी खा आणि चालायला जा, या सल्ल्याला त्यामुळे काही कमीपणा येत नाही. तो सल्ला मात्र उशिराचा ठरतो.

या दीर्घ दृष्टीने पहिल्या चोवीस तासांची निकड कमी होत नाही, याची आठवण नाशिक जिल्ह्याला करून देण्याची गरज नसावी. ऑगस्ट २०१७ या एका महिन्यात नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष कक्षात ५५ बालके दगावल्याचे समोर आले, तेव्हा त्यांत अपुऱ्या दिवसांची आणि अतिशय कमी वजनाची बाळे मोठ्या संख्येने असल्याचे सांगण्यात आले, आणि एकेका इन्क्युबेटरमध्ये एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत असल्याचेही उघड झाले. अशा बाळाला ऊब, आईचे दूध आणि वेळेवर तपासलेली साखर त्याच दिवशी हवी असते. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वरच्या पाड्यावरून ते निघते तेव्हा त्याच्या आईच्या किशोरवयातील आहाराची चर्चा त्याच्या कामाची नसते. पण पुढच्या वर्षी तसेच बाळ पुन्हा त्याच कक्षात येऊ नये असे वाटत असेल तर ती चर्चा टाळताही येत नाही. त्या दिवसाचे काम आणि पिढीचे काम ही दोन्ही कामे वेगवेगळ्या खात्यांकडे, वेगवेगळ्या अंदाजपत्रकांत विभागली गेली आहेत, आणि तिथेच दोहोंमधला सांधा निखळतो.

आहार आधीच सुधारला तर काय होते हे पाहण्याचा एक मोठा प्रयोग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ दरम्यान झाला. डॉ. रमेश पोतदार, कॅरोलाइन फॉल आणि सहकाऱ्यांनी साडेसहा हजार स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज एक खाऊ दिला, निम्म्यांना पालेभाजी, फळे व दूध घातलेला, निम्म्यांना कमी पोषणाचा. बाळांच्या वजनात एकूण गटात ठोस फरक पडला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून पौष्टिक खाऊ घेतलेल्या मातांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार निघाली, आणि गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले. वजनापेक्षा साखरेवर झालेला हा परिणाम अधिक बोलका आहे.

पुण्याच्या गटाने दुसरी वाट धरली. सहा गावांतील ज्या बाळांची १९९० च्या दशकात कॅलिपरने मापे घेतली गेली होती ती किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांतील मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी१२, काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषकद्रव्येही, तर काहींना बी१२ नसलेली गोळी देण्यात आली, आणि मुलींच्या लग्नानंतर त्यांची बाळंतपणे होईपर्यंत ती चालू ठेवण्यात आली. त्या बाळंतपणांतून नोंदींतील तिसरी पिढी जन्माला आली. तिची दोन वर्षांच्या वयात झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली: केवळ बी१२ घेतलेल्या मातांची मुले आकलनात आणि भाषेत सरस होती. रक्तातील साखरेबाबत निवाडा देण्याइतकी ती मुले अजून मोठी झालेली नाहीत.